जवारे खाली ठेवले तेव्हा

माझी भक्ती मुळात भित्री होती, हे आधीच सांगून टाकते. बालाघाटच्या सरकारी शाळेत तीस वर्षं शिकवलं, आणि देवीकडेही मी तपासणीला येणाऱ्या साहेबासारखीच पाहत आले. साहेब केव्हा येतील सांगता येत नाही, तेव्हा फळा पुसलेला असावा, वह्या तपासलेल्या असाव्यात, चूक सापडू नये, एवढीच माझी साधना. फूल चुकून डाव्या हाताने वाहिलं गेलं की दिवसभर चुटपुट लागायची. आमचे हे चिडवायचे, "देवीले काही कामधंदा नाही काय वं, की तुयाच हाताकडे पाहत बसन?" मी त्यांच्याकडे लक्ष द्यायची नाही. वन खात्यात नोकरी केलेल्या माणसाला सोवळंओवळं काय कळणार, असं माझं मत होतं आणि ते मी लपवतही नव्हते.

वैशाली माझी सून. लांजीची. घरात आली तेव्हा माझ्यासमोर तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि आता दोन वाक्यांत मला गप्प करते. गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली, आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. त्या दिवसांत मी देवीला बोलले की अहवाल चांगला येऊ दे, चैत्रात घरी जवारे बसवीन आणि विसर्जनाला वैशाली स्वतः ते डोक्यावर घेऊन येईल. अहवाल चांगला आला. गाठ साधी होती, मात्र वर्षभर तपासणी करत राहायची होती. मी पेढे वाटले, रडले, साऱ्या आळीला सांगून आले. आणि दुसऱ्याच दिवसापासून मला नवी भीती लागली. नवस फेडताना काही चुकलं तर? दिलेलं परत नेलं तर? हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसले असते तर बरंच झालं असतं.

आमच्याकडे नवरात्रात जवारे बसवतात. पहिल्या दिवशी मातीत गहू पेरायचे, नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत दिव्यापाशी वाढवायचे, आणि नवमीला बायकांनी डोक्यावर घेऊन, देवीचे जस, म्हणजे तिची गाणी, म्हणत पाण्यात सोडायचे. घरातून उचलल्यावर पाण्यापर्यंत जवारे कुठेही खाली टेकवायचे नाहीत. हा नियम मला लहानपणापासून पाठ. रीत मातीच्या भांड्यांची आहे, पण मातीचं भांडं वाटेत तडकलं तर अपशकुन होईल, या धास्तीने मी पितळेचे नऊ लहान गंज घेतले. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. वैशालीला ओझं व्हायला नको म्हणून मातीचा थर पातळ ठेवला. अंकुर असे तरारून आले की शेजारणी दाराशी उभ्या राहून पाहायच्या. मी मात्र रोज उठून कुठला अंकुर कोमेजलाय तेच शोधायची.

चैत्रात वैनगंगेला आमच्या घाटाशी घोटाभर पाणी असतं. गेल्या वेळी शेजारच्यांचे जवारे वाळूतच अडकून राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे शेळ्या चरत होत्या. माझ्या नवसाचे जवारे शेळ्यांनी खावेत? मुळीच नाही. मी ठरवलं, परसवाड्याकडच्या वाटेवर एक जलाशय आहे, तिथे जायचं. काठाला चिखल असला तरी मध्ये खोल पाणी असतं. लोकांना फिरवायला तिथे एक मोटरबोट ठेवलेली आहे. जीपगाड्या ठरल्या, ढोलक आलं, नात्यातल्या आणि आळीतल्या बायका आल्या, आणि नवमीच्या दुपारी आम्ही वीसेक माणसं त्या काठावर उतरलो.

बोट चालवणारा सुखराम आणि त्याची बायको फुलवंता, दोघंही तिथल्याच मासेमारी करणाऱ्या ढीमरांच्या वस्तीतले. सुखराम इंजिन सांभाळायचा, फुलवंता माणसं मोजायची आणि जॅकेटं बांधायची. पहिल्या पाच मिनिटांतच माझं आणि सुखरामचं वाजलं. तो म्हणाला, एका खेपेला दहा माणसं. मी म्हटलं, देवीची मिरवणूक अशी तोडता येत नाही, मुहूर्त टळतो.

"मोहूरत तुमचा हाये मॅडम, बोट माही हाये," तो म्हणाला. "दहा सवाऱ्या. अन् जाकीट सगळ्यायले."

नव्या साड्यांवर ती नारिंगी जॅकेटं चढवताना बायका हसून हसून बेजार झाल्या. मी मात्र तोंड वाकडं करून उभी. मग बोटीत पाहिलं तर तळाशी एक काळवंडलेली प्लास्टिकची बादली, मासोळीचा वास मारणारी. देवीच्या पायाशी ही बादली? फुलवंता दुसरीकडे जॅकेट बांधत होती तेवढ्यात मी ती उचलली आणि काठावर ह्यांच्या हातात दिली. शिवाय हात वर धरले की वैशालीला जॅकेट काखेत काचत होतं, म्हणून तिचा पट्टाही मीच सैल केला. दोन्ही गोष्टी मी कुणाला न विचारता केल्या. वर्गात मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

नऊ जणींच्या डोक्यावर नऊ गंज आणि माझ्या हातात आरतीचं ताट, असे आम्ही निघालो. बसूनच राहायचं, अशी सुखरामची ताकीद होती. बायका जस म्हणत होत्या, पाणी शांत होतं, आणि वैशालीच्या चेहऱ्यावर हिरव्या अंकुरांची सावली पडली होती. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती मला इतकी सुरेख दिसली. मला खरंच भरून आलं. खोल पाण्यावर पोचलो तसं सुखरामने पश्चिमेकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा काहून बंद पडला? मॅडम, आत्ताच सोडा अन् चला वापस."

मी म्हटलं, आधी आरती. पाच मिनिटं.

तो घुटमळला. मग इंजिन बंद करून म्हणाला, "दोन मिनिटं. बसूनच करा."

देवीची आरती बसून? मी बायकांकडे पाहिलं आणि हाताने उठायची खूण केली. शाळेत प्रार्थनेला करायची तशी. नऊच्या नऊ जणी उठून उभ्या राहिल्या.

वादळ आलेलं मी पाहिलंच नाही, माझी पाठ तिकडे होती. मला दिसला तो फक्त सुखरामचा चेहरा. मग ताटातलं निरांजन विझलं, ताट हातातून उडालं आणि बोट एका अंगाला कलली. "बसा! सगळ्या खाली बसा! डोक्यावरचं खाली ठेवा!" तो ओरडला. त्याने इंजिन सुरू केलं आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवू लागला. लाटांना बोटीची कूस दिली तर बोट पालथी होते, हे त्याने आम्हाला नंतर सांगितलं. बायका धपाधप बसल्या, पण गंज डोक्यावरच. खाली ठेवायला कुणी तयार नाही, सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. आणि वैशाली तर उभीच होती. नवसाचं मुख्य जवारं तिच्या डोक्यावर होतं, आणि मी सांगितल्याशिवाय ती बसणार नव्हती. फुलवंताने तिच्या कमरेला मिठी मारून पाय रोवले होते. सैल केलेलं जॅकेट वाऱ्याने वर सरकून तिच्या गळ्याशी आलं होतं.

सुखरामला इंजिन सोडून येता येत नव्हतं. तो एकदाच माझ्याकडे वळून बोलला, आणि आता ओरडला नाही. "माय, बोट मी सांभाळतो. पन ह्या पोरीले बसवनं तुमच्या हाती हाये. ते माहं ऐकत नाही, तुमचं ऐकते."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. केस तोंडावर आलेले, ओठ पांढरे पडलेले. अशा वेळीही तिने विचारलं, "आई, ठेवू काय?"

त्या क्षणी माझ्या मनात काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. खाली ठेव म्हटलं तर नवस मोडतो आणि आजार परत येतो, ही भीती तर होतीच. ती गेली नव्हती. पण समोर ती मुलगी उभी होती, जिच्यासाठी हे सारं चाललं होतं, आणि माझ्या नियमापायी ती पाण्यात पडायला आली होती. मला माझीच इतकी शरम वाटली की रडू फुटलं. मी ओरडले, "ठेव! अवं ठेव ना खाली! देवी पाहून घेईन काय पाहाचं ते!"

तिने जवारं बोटीच्या तळाशी ठेवलं, तिथल्याच गढूळ पाण्यात, आणि ती माझ्या मांडीवर कोसळली. बाकीच्या आठ जणींनीही ठेवले. मी तिच्या जॅकेटचा पट्टा आवळून बांधला.

मग गारा आल्या. बोराएवढ्या गारा, पाठीवर नुसता मारा. लाटा बोटीच्या काठावरून आत येऊ लागल्या, पाणी घोट्याच्या वर चढलं, आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. फुलवंताने पुढच्या टोकाला दोर बांधलेला मोठा दगड पाण्यात टाकला. बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायला तेवढंच उरलं होतं. सुखराम म्हणाला, "बादली घे, पानी काढ." फुलवंता वाकून इकडेतिकडे चाचपू लागली.

"बादली नाही," मी म्हटलं. "मी काठावर ठेवून आली."

फुलवंता क्षणभर रिकाम्या हातांनी उभी राहिली, आणि मग तिची नजर गंजांवर गेली. तिने हात जोडले, आधी गंजांना, मग मला. "माय, देवीले पान्यातच सोडाचं होतं ना? आत्ताच सोडा. भांडे खाली करून द्या."

ना आरती, ना कापूर, ना मुहूर्त. मी वैशालीचं जवारं उचललं आणि त्या खवळलेल्या पाण्यात पालथं केलं. नऊ दिवस वाढवलेले अंकुर एका लाटेसरशी दिसेनासे झाले. तोंडातून "ये माय" एवढंच निघालं. मग तोच गंज मी बोटीत बुडवला, भरला, बाहेर रिता केला, पुन्हा बुडवला. नऊ बायका नऊ गंजांनी पाणी उपसू लागल्या. पण हात एकमेकींना लागत होते, गंज गंजांवर आपटत होते. तेव्हा फुलवंताने जस सुरू केला. तिचा आवाज जाडा, सुरातही नव्हता, पण ताल पक्का होता. त्या तालावर सगळ्यांचे हात एकदम खाली जाऊ लागले आणि एकदम वर येऊ लागले. माझ्या हातातला गंज वैशालीने घेतला होता, मी ओंजळीने उपसत होते. माझ्या शेजारच्या काकू सत्तरीच्या, घरी तांब्या उचलताना कण्हतात. त्या दिवशी त्यांचा हात थांबायला तयार नव्हता. गारा डोक्यावर आपटत असताना त्या मला म्हणाल्या, "असं विसर्जन माह्या जल्मात नाही पाह्यलं वं!" आणि मला हसू आलं. खरंच हसू आलं. माझं पाहून वैशाली हसली. मरणाच्या दारात आम्ही वेड्यासारख्या हसत होतो, गात होतो आणि पाणी उपसत होतो. इतकी वर्षं देवघरात बसून जी मला एकदाही जवळची वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. भीती अशी नव्हतीच. कुणीतरी आपलं माणूस शेजारी कंबर कसून कामाला लागलंय, असं वाटत होतं.

वादळ अर्ध्या तासात ओसरलं असेल. वारा जसा आला तसाच गेला, आणि पाण्यावर ऊन पडलं. सुखरामने दोर ओढायला घेतला तर दगड निघेना. तो आणि फुलवंता दोघं मिळून ओढत होते. शेवटी निघाला तेव्हा तो त्या दगडाकडे पाहतच राहिला. "इथं तळाले नुसता लोन्यासारखा चिखल हाये," तो म्हणाला. "दगड सरकत जाते. इथं कधी धरत नाही." मग त्याने तो दगड कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला. त्याने जे सांगितलं तेवढंच मी लिहिलं आहे. तळाशी काय होतं ते मला माहीत नाही.

वल्ही मारत त्याने बोट जवळच्या काठाला नेली. तिथे मोहफुलं वेचायला आलेल्या काही बायका झाडांखाली टोपल्या सोडून पळसाच्या आडोशाला बसल्या होत्या. आम्हा नारिंगी जॅकेटांतल्या भुतांना पाहून त्या आधी घाबरल्या आणि मग धावत आल्या. त्यांनी जाळ केला, टोपल्यांवर झाकलेली लुगडी काढून आम्हाला गुंडाळली, काळा गुळाचा चहा पाजला. कोण, कुठले, काही विचारलं नाही. फुलवंताने आम्हाला जाळाभोवती पुन्हा मोजलं, बोट लावून, मोठ्याने. दहा झाल्यावर ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तोवर तिने डोळ्यांत टिपूस आणलं नव्हतं.

पलीकडच्या काठावरची मंडळी जीपने वळसा घालून आली. माझा मुलगा चिखलात पडत धडपडत वैशालीपाशी पोचला. त्याच्या मागून आमचे हे, चिंब भिजलेले, चष्म्याची एक काच फुटलेली, आणि हातात ती बादली. वादळभर ते काठावर बादली धरून उभे होते. मी दिलेली वस्तू खाली कशी ठेवायची, म्हणून! मी सुखरामच्या पाया पडायला वाकले तर तो चार पावलं मागे सरला.

"आधी बादली द्या," तो म्हणाला. ह्यांच्या हातून घेऊन त्याने ती बोटीत जागच्या जागी ठेवली आणि मगच माझ्याशी बोलला. "पानी काढाची बादली बोटीतून कोनी हलवाची नाही, मॅडम. देवी सोता आली तरी नाही. अन् चूक माहीबी हाये. तुमी म्हनल्या अन् मी थांबलो. बोटीत कोन्या मॅडमचं आयकाचं नसते."

साऱ्यांसमोर असं खडसावून घेण्याची मला सवय नव्हती. पण त्या बोलण्याने मला जितकं हलकं वाटलं तितकं कुठल्या प्रसादानेही वाटलं नसतं. दहा जीव त्याच्या हवाली होते, आणि त्या जबाबदारीपुढे तो ना माझ्या वयाला भ्याला, ना माझ्या नवसाला. माझ्या पूजेत इतकी निष्ठा कधीच नव्हती, हे मला कबूल करावं लागेल. जाताना मी गंज त्यांना देऊ केले. फुलवंताने एकच घेतला, आणि त्यात लगेच चहाचं पाणी चढवलं.

काही दिवसांनी मी बसल्या बसल्या हिशोब मांडू लागले. जवारे खाली टेकले, आरती झाली नाही, मुहूर्त टळला, देवीची भांडी पाणी उपसायला वापरली. एकूण एक नियम मोडला होता. आणि वैशाली स्वयंपाकघरात ह्यांच्याशी भांडत होती, भाजीत मीठ जास्त आहे की कमी यावरून. मी तो हिशोब तिथेच टाकून दिला. ज्या माउलीने स्वतःला बोटीच्या तळाशी गढूळ पाण्यात ठेवून घेतलं आणि आम्हाला हातात भांडं दिलं, तिला मी इतकी वर्षं चुका मोजणारी समजत होते, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी मी तिची क्षमा मागितली, स्वयंपाकघरात उभ्यानेच.

पावसाळा संपल्यावर नागपूरला तपासणी होती. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आधी अशा वेळी मी मनात नवसांची रांग लावायची, इतके उपास, इतके नारळ, इतक्या प्रदक्षिणा. वैशालीला ते माहीत होतं. आत बोलावणं आलं तशी ती उठली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, या खेपेला काय बोलल्या देवीले?"

"बोलली ना," मी म्हटलं. "म्हटलं, हे पोरगी तुयी हाये, मायी नाही. तूच पाह्य."

ती इतकी मोठ्याने हसली की दारावरचा शिपाई वळून पाहू लागला. हसतच ती आत गेली आणि दार लागलं. अहवाल चांगलाच आला. पण त्या बंद दारासमोर मी बसून होते तेव्हा तो आलेला नव्हता, आणि माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीही घट्ट धरलेलं नव्हतं, आणि मला खूप आनंद होत होता.